दुसरी ताकीद

"लेल्ला रफीका, गुडघ्याला पट्टी का बांधलीय? दुखतोय का?" तैसीरने विचारलं, तेही नेमकं सी लजहर मागून येत असताना.

"दुखत नाही. सवय आहे म्हणून बांधते," रफीका म्हणाली आणि मोजा वर ओढून तिने पट्टी झाकून टाकली.

सवय कसली डोंबलाची! गुडघा तीन आठवडे कुरकुरत होता. नवरा मुन्सिफ रोज संध्याकाळी त्याला कोमट ऑलिव्ह तेल चोळून देई आणि वर ऐकवी, "जिंकलीस तरी घरीच ये, हरलीस तरी घरीच ये. रविवारचं कुस्कुस कोणीतरी करायलाच हवं." पण घरातलं दुखणं घरात. सी लजहर म्हणजे मोनास्तीर भागातल्या सगळ्या फुटबॉल पंचांचे प्रमुख. त्यांच्या कानावर गुडघा गेला की तो कागदावर यायला वेळ लागत नाही. पोरीने मुद्दामच विचारलं असणार. आणि ते 'लेल्ला'! पुरुषाला मानाने 'सी' म्हणतात, तसा मोठ्या बाईला म्हणायचा शब्द. सासूला म्हणतात, हेडमास्तरीणबाईंना म्हणतात. तैसीर तो मधात घोळवून म्हणायची आणि दर वेळी रफीकाला वाटायचं, आपले आणखी दोन केस पिकले.

ऑगस्टमधली सकाळ, सातच वाजले होते, तरी समुद्राकडून यायचा तो वारा आलेला नव्हता. सी लजहर गुडघ्यावर बसून टेपने अंतर मोजत होते आणि चुन्याच्या रेघा ओढत होते.

रेषापंचांची ही परीक्षा बघायला सोपी वाटते आणि धावताना जीव काढते. वीस मीटर सरळ धावत जायचं, रेघेला पाय लावायचा, परत यायचं. पाच सेकंद श्वास. मग साडेबारा मीटर आडवं जायचं, मैदानाकडे तोंड ठेवून, खेकड्यासारखं, आणि तसंच आडवं परत. पुन्हा वीस मीटर. स्पीकरमधून 'टूं' असा आवाज येतो आणि त्या आवाजाला पाय रेघेवर असावा लागतो. सुरुवातीला माणूस गप्पा मारत धावतो. मग दर पायरीला दोन आवाजांमधला वेळ थोडा थोडा कमी होत जातो आणि गप्पा बंद पडतात. एकदा पाय कमी पडला तर ताकीद, दुसऱ्यांदा पडला की बाहेर. पंधरावी पायरी पुरी केली की पास.

यंदा वरच्या विभागाच्या यादीत या भागातून एकाच बाईला जागा होती आणि नावं दोन होती. लेखी परीक्षा आणि सामन्यांचे गुण मिळून तैसीर अर्ध्या गुणाने पुढे. म्हणजे आज दोघी पास झाल्या तर जागा तैसीरची. तैसीर बाद झाली आणि रफीका पास झाली, तरच रफीकाची. चाळिशीनंतर त्या यादीत नवं नाव चढत नाही आणि रफीकाची चाळिशी येत्या फेब्रुवारीत होती. तेव्हा तिला दोन गोष्टी हव्या होत्या: आपण पास व्हावं आणि त्या पोरीने बुडावं. पहिलीसाठी ती सहा महिने पहाटे समुद्रकाठी धावली होती. दुसरीसाठी ती प्रार्थना करत होती, आणि प्रार्थना झाली की लाज वाटून देवाची माफीही मागत होती.

रफीका सोळा वर्षं जीन्सच्या कारखान्यात शेवटच्या टेबलाशी होती. शिवलेल्या पँटी तिच्या हाताखालून जात आणि शिवण एका टाक्याने वाकडी असली तरी तिची नजर तिथे अडके. शिवणाऱ्या पोरी तिला 'दुर्बीण' म्हणत. हीच नजर घेऊन ती तितकीच वर्षं दर रविवारी झेंडा धरून बाजूच्या रेघेने धावायची. कठड्यामागे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले पुरुष ओरडत, "घरी जा, भांडी घास!" आणि टरफलं तिच्या पाठीवर थुंकत. तिने कधी मागे वळून पाहिलं नाही. वळलं की तेवढ्यात ऑफसाइड सुटतो.

तैसीरला या धंद्यात तिनेच आणलं होतं, हे तर आणखी जिव्हारी लागणारं. पाच वर्षांपूर्वी क्रीडा महाविद्यालयातली ही पोरगी झेंडा पोळीच्या लाटण्यासारखा धरायची. रफीकाने तिला हात कसा बदलायचा ते शिकवलं, शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेघेत कसं राहायचं ते शिकवलं, सामन्याआधी काय खायचं तेही शिकवलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय! आता ती पोरगी आडवी धावली की पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. तिला कोणी भांडी घासायला सांगत नव्हतं, उलट नाव विचारत होते. तिचा होणारा नवरा फिरास तिच्या एकूण एक सामन्याला हजर. मुन्सिफ सोळा वर्षांत दोनदा आला, त्यातल्या एकदा पावसामुळे सामनाच झाला नाही.

पहिल्या तुकडीत रफीकाचा नंबर लागला. दहाव्या पायरीपर्यंत गुडघा गप्प होता. अकराव्या पायरीला आडवं धावताना तो बोलायला लागला आणि तेराव्या पायरीला ओरडायला लागला. एकदा वळताना ती घसरली, पाय रेघेला उशिरा लागला आणि तिची रेघ बघणाऱ्या एका निवृत्त पंचाने हात वर केला.

"चार नंबर, ताकीद!"

आता एकच चूक उरली होती. रफीकाने दात आवळले. आवाज, रेघ, वळण. आवाज, रेघ, वळण. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा पंधरावी पायरी संपली होती आणि सी लजहर टाळ्या वाजवत म्हणत होते, "शाबास गं वाघिणी! पोरींना लाजवलंस!"

ती गवतावर आडवी पडली. थोड्या वेळाने उठून तिने डब्यातली बसीसा खाल्ली, ऑलिव्ह तेलात कालवलेलं भाजलेलं पीठ, आणि तिला खरोखर वाटलं की जग तितकंसं वाईट नाही. अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं समोर उड्या मारत अंग मोकळं करत होतं.

या भागातली रीत जुनी होती: आधी धावलेल्याने नंतर धावणाऱ्याची रेघ बघायची. वीस मीटरच्या टोकाला उभं राहायचं, एकाच धावणाऱ्याच्या पायाकडे बघायचं, पाय कमी पडला तर हात वर करून नंबर ओरडायचा. माणसं कमी म्हणून ही रीत पडली होती. सी लजहर मात्र म्हणत, "ज्याचं जळतं त्याला कळतं. नुकता धावलेला माणूस उगाच कुणाचा गळा कापत नाही."

"रफीका, तू अकरा नंबर बघ," त्यांनी फर्मावलं.

अकरा नंबर तैसीरच्या पाठीवर होता.

"सी लजहर, मला दुसरा कुठला तरी नंबर द्या ना."

"का गं?"

"आमचं दोघींचं एकाच जागेसाठी चाललंय. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, रफीकानं बघितलं म्हणजे विषय संपला. तुझ्यासारखी नजर आहे का इथं कुणाची? पास असेल तर पास म्हण, नसेल तर नाही म्हण. वरचे लोकही बोट ठेवणार नाहीत."

माणसाला खड्ड्यात घालायला शिवी लागत नाही, स्तुती पुरते. रफीका आणखी एकदा 'नाही' म्हणू शकली असती. ती जाऊन रेघेवर उभी राहिली.

"बरं झालं बाई, तुम्ही आहात ते," तैसीर हसून म्हणाली. "अनोळखी माणूस असला की मला धडधडतं."

"पायाकडे बघ आपल्या," रफीका म्हणाली.

फिरास मोबाइल घेऊन अगदी रेघेला लागून असलेल्या पायऱ्यांवर येऊन बसला. "आईला दाखवायचंय," त्याने रफीकाला सांगितलं. "ती म्हणते, मुलगी पळते म्हणजे नक्की करते काय?"

धाव सुरू झाली. पहिल्या दहा पायऱ्या पोरीला घामही आला नाही. रफीका तिच्या बुटाच्या टोकाकडे बघत होती आणि मनातल्या मनात बोलत होती: घसर. फार लागू नये, पण घसर. पायात गोळा येऊ दे, लेस सुटू दे, काहीही होऊ दे. बुटाचं टोक मात्र प्रत्येक आवाजाला रेघेवर पडत होतं.

बाराव्या पायरीला तैसीरचा हात बरगडीखाली गेला. तिला कळ आली होती. पुढच्या फेरीला ती आली, आवाज झाला आणि पाय चार बोटं अलीकडे पडला. रफीकाला कळायच्या आत तिचा हात वर गेला होता.

"अकरा! ताकीद!"

"होता की पाय!" वळता वळता तैसीर ओरडली. "लेल्ला, होता!"

आणि रफीकाला बरं वाटलं. नुसतं बरं नव्हे, उन्हातान्हाचं येऊन गार कलिंगड खावं तसं पोटात गार गार वाटलं. आणखी एक! आणखी एकदा तो पाय कमी पडला की झालं. वरच्या विभागाचे सामने, छातीवरचं बोधचिन्ह, राजधानीतली मोठी मैदानं, सगळं त्या चार बोटांत होतं. तिच्या ओठांवर हसू आलं आणि ते आल्याचं तिलाच कळलं, तशी ती दचकली.

हे हसू आधी आलं की नंतर? पाय कमी पडलेला दिसला म्हणून हात वर गेला, की हात वर जायला टपूनच बसला होता आणि पाय नुसतं निमित्त झालं? पोरगी 'होता' म्हणाली. ती खोटं बोलत नाही, निदान आजवर बोललेली नाही. रफीकाने डोळे मिटून तो पाय आठवून पाहिला. आधी तो चार बोटं अलीकडे दिसला, मग दोन, मग रेघेवरच दिसायला लागला. सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दिसलेलं ते दिसलेलं, हा तिचा धर्म होता.

तेरावी पायरी गेली. चौदावी गेली. तैसीरचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता आणि ती तोंडाने श्वास घेत होती. मनातली ती दुसरी बाई अजून म्हणतच होती, घसर, घसर. या बाईला गप्प कसं करावं ते तिला उमगेना.

पंधराव्या पायरीच्या शेवटून दुसऱ्या फेरीला तैसीर फरफटत आली. आवाज झाला तेव्हा तिचा चवडा रेघेच्या चांगला टीचभर अलीकडे होता आणि तिथूनच ती वळली. पांढऱ्या चुन्याला काही लागलंच नव्हतं.

रफीकाने हे पाहिलं. दिवसाढवळ्या, दोन पावलांवरून पाहिलं.

रेषापंचांना पहिल्या दिवशी शिकवतात: शंका असेल तर झेंडा खाली. पायाबद्दल शंका नव्हती. शंका स्वतःबद्दल होती आणि त्यासाठी नियम कोणी शिकवलेला नव्हता. हात मांडीला चिकटून राहिला. पोरगी आडवी गेली, आडवी आली, शेवटचे वीस मीटर रडत रडत धावली आणि पलीकडे कोसळली. फिरास टाळ्या वाजवत मैदानात धावत गेला.

सी लजहर तक्ता घेऊन आले. अकरा नंबरपुढे पेन टेकवून त्यांनी विचारलं, "ताकिदी?"

"एक," रफीका म्हणाली.

"कर सही."

तिने सही केली. त्यांनी तक्ता फायलीत घातला आणि जरा आवाज उतरवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. अर्ध्या गुणानं गेलं. पण एक सांगतो, नव्या पोरी तयार करायला तुझ्यासारखी दुसरी नाही. शाळांचे सामने आहेत, वर्ग घ्यायचेत... बोलू आपण."

"बोलू," रफीका म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिवणी तपासल्या, आता दुसऱ्यांच्या पोरी तयार करायच्या, असं तिला म्हणायचं होतं. ती नळापाशी जाऊन तोंड धुवायला लागली.

पाठीमागे तैसीर येऊन उभी राहिली. तिच्या हातात फिरासचा मोबाइल होता. केस ओले होते आणि तशा अवतारातही ती छान दिसत होती, हे रफीकाला नको असताना दिसलं.

"लेल्ला, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"पहिल्या वेळी माझा पाय होता रेघेवर."

रफीकाने नळ बंद केला.

"मी समजू शकते हो. तुमच्या जागी मी असते तर माझ्याही पोटात दुखलं असतं. पण मग दुसऱ्या वेळी खरंच कमी पडला आणि तुम्ही हात वर केला नाहीत. भरपाई केलीत ना?"

भरपाई हा शब्द पंचांमध्ये आईबहिणीवरून दिलेल्या शिवीपेक्षा वाईट. आधी एकावर अन्याय करायचा आणि मग ते झाकायला पुढचा निर्णय खोटा द्यायचा, असल्या पंचाला सहकारी चहाला विचारत नाहीत. रफीकाचा चेहरा उतरला.

"मी कुणाला सांगणार नाही," तैसीर म्हणाली. "फक्त तुम्हाला कळावं म्हणून. फिरासनं सगळं घेतलंय. मीही अजून बघितलं नाही. बघायचं?"

"बघू."

दोघी भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या. तैसीरने बोटाने चित्र पुढे सरकवलं. बारावी पायरी आली. बरगडीखाली हात, वळण, आवाज. तैसीरने ते मागे नेलं आणि पुन्हा लावलं. मग पुन्हा. आवाज होत होता तेव्हा बूट रेघेच्या अलीकडे होता, आणि मधल्या मोकळ्या गवतावर तीन-चार बोटं सहज मावली असती. मोबाइलमध्ये रफीकाचाच आवाज ओरडत होता, "अकरा! ताकीद!"

यानंतर तैसीरने ते मागे नेलं नाही. चित्र आपोआप पुढे गेलं, पंधराव्या पायरीपर्यंत. तिथे तर बघण्यासारखं काही नव्हतंच. फिरासच्या आईलाही कळलं असतं.

"बरोबर होता तुमचा हात," तैसीर हळूच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मग दुसऱ्या वेळी... तुम्हाला दिसलं नाही?"

'नाही दिसलं' म्हणणं सोपं होतं. रफीकाच्या जिभेवर ते आलंही होतं.

"दिसलं."

"मग?"

"पहिल्या वेळी हात वर केला तेव्हा मला फार आनंद झाला, तैसीर. इतका की भीती वाटली. पाच वर्षं जळतेय मी तुझ्यावर. तुझ्या धावण्यावर, तुझ्या वयावर, या फिरासवर सुद्धा. म्हटलं, एवढं जळणारं माणूस खरं कसं बघेल? म्हणून दुसऱ्या वेळी माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही."

मोबाइलचा पडदा काळा झाला तरी तैसीरने तो तसाच धरून ठेवला होता.

"सी लजहर अजून गेटपाशीच आहेत," ती शेवटी म्हणाली.

"आहेत."

गेट पन्नास पावलांवर होतं. सी लजहर गाडीच्या टपावर फाइल ठेवून खिशात किल्ली शोधत होते. रफीकाला जायचं तर जाता आलं असतं. पण जाऊन सांगायचं काय? मी पाहिलं, मी गप्प बसले आणि खोट्यावर सही केली? मग तैसीर बाद झाली तरी खोटी सही करणारीला जागा मिळत नाही, वर शाळांच्या सामन्यांचा झेंडाही गेला. तैसीरलाही जाता आलं असतं. तिच्याकडे तर पुरावा हातात होता. ती एक पाऊल पुढे झाली आणि बुटाची लेस बांधायला खाली बसली. लेस सुटलेली नव्हती.

रफीकाने तेही पाहिलं. आणि एवढं सगळं झाल्यावर मत्सर गेला असेल म्हणावं, तर छे! पोरगी जाऊन बोलेल आणि वर चांगली ठरेल, याचीसुद्धा तिला जळजळ झाली. तरी ती वाट बघत राहिली. मनात म्हणाली, जा गं, ऊठ, जा. जाशील तर आयुष्यभर तुला नाव ठेवणार नाही.

तैसीर लेस बांधतच राहिली. एक झाली, मग दुसरी.

किल्ली सापडली. सी लजहरांनी टपावरची फाइल उचलून गाडीतल्या शेजारच्या सीटवर टाकली आणि दार ओढलं. जुनी गाडी दोनदा खोकून सुरू झाली. गेटमधून बाहेर पडताना त्यांना भिंतीपाशी या दोघी शेजारी शेजारी दिसल्या आणि बरं वाटलं असावं, कारण त्यांनी खिडकीतून हात काढून जोरात हलवला.

तैसीर उठून उभी राहिली. दोघींनीही हात वर केले.